स्कॉटलंडमधील प्रेस्बिटेरियन उपासनेला प्रथमच जाताना

शिक्षणासाठी वा नोकरीसाठी स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाने रविवारी तेथील चर्च ऑफ स्कॉटलंड या प्रेस्बिटेरियन (म्हणजे बिशपांऐवजी पाळक व वडीलजनांच्या सभांनी चालणाऱ्या) ख्रिस्ती पंथाच्या एखाद्या जुन्या दगडी चर्चमध्ये जाण्यास संकोच करू नये, कारण ही उपासना सर्वांसाठी खुली असते आणि त्यासाठी ख्रिस्ती असण्याची अट नसते. मुंबईच्या विल्सन कॉलेजचे संस्थापक जॉन विल्सन याच परंपरेतून आले होते.

उपासना बहुधा सकाळी अकराच्या सुमारास सुरू होते व तासभर चालते. पोशाख नीटनेटका असला की पुरे. पादत्राणे काढावी लागत नाहीत. दारात मंडळीचे ‘वडील’ (एल्डर, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारे सभासद) स्वागत करून गीतपुस्तक हाती देतात, आणि त्या दिवशीच्या गीतांचे क्रमांक बहुधा भिंतीवरील लाकडी फळीवर लावलेले असतात, ते आधीच पाहून ठेवावेत.

आतला साधेपणा पहिल्यांदा जाणाऱ्यास कोरा वाटण्याचा संभव आहे. मूर्ती नसतात, धूप नसतो, वेदीच्या जागी साधे मेज असते आणि नजर जाते ती उंच व्यासपीठाकडे. १५६० च्या धर्मसुधारणेत जॉन नॉक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी शास्त्रवचन आणि त्यावरील उपदेश केंद्रस्थानी आणले, त्याचा हा परिणाम आहे. जुनी रीत पाळणाऱ्या चर्चमध्ये आरंभी बीडल नावाचा सेवक मोठे बायबल दोन्ही हातांवर धरून आत आणतो, व्यासपीठावर ठेवतो आणि त्यानंतर काळा झगा घातलेले पाळक वर चढतात. लोक उभे राहिले तर आपणही उभे राहावे. हा मान त्या ग्रंथाचा असतो.

गाताना उभे राहायचे आणि प्रार्थनेच्या वेळी मस्तक लववून बसायचे, एवढे लक्षात ठेवले तरी भागते. गुडघे टेकण्याची पद्धत नाही. १६५० पासून वापरात असलेली छंदोबद्ध स्तोत्रे अजूनही गायली जातात. येशूने शिकवलेली ‘प्रभूची प्रार्थना’ सर्वजण एकत्र म्हणतात, तेव्हा आपण ती मनातल्या मनात मराठीत म्हटली तरी चालते. त्यानंतरचे शास्त्रवाचन आणि वीसेक मिनिटांचा उपदेश हा उपासनेचा खरा गाभा असून, पाळक एकच उतारा घेऊन तो वाक्यावाक्याने उलगडत नेत असल्यामुळे, उच्चार ओळखीचे नसतील तर मराठी बायबल सोबत ठेवून तोच उतारा उघडावा, असे मी आग्रहाने सुचवेन. दानाची थैली समोर आली तर पाहुण्याने काही टाकलेच पाहिजे असे नाही.

प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षरस घेण्याचा विधी, दर रविवारी नसते. अनेक मंडळ्यांत ते वर्षातून मोजक्याच वेळा होते. त्या दिवशी वडील भाकर आणि द्राक्षरसाचे छोटे पेले बाकांपर्यंत आणतात व शेजारी शेजाऱ्याच्या हाती देतो. ज्यांना सहभागी व्हायचे नसेल त्यांनी तबक शांतपणे पुढे द्यावे. त्यात कोणाचा अनादर होत नाही.

स्कॉटलंडच्या वायव्येकडील लुईस बेटावर, चर्च ऑफ स्कॉटलंडपासून वेगळ्या झालेल्या फ्री चर्च या पंथाच्या चर्चमध्ये मात्र गेलिक भाषेतील स्तोत्रे वाद्यांविना गायली जातात: एकजण ओळ उचलतो आणि मंडळी ती लांबवत, प्रत्येक जण आपल्या परीने स्वर वळवत गाते. तेथे जुन्या रिवाजानुसार गाताना बसतात आणि प्रार्थनेला उभे राहतात.

आशीर्वादानंतर पाळक दारापाशी उभे राहून प्रत्येकाशी बोलतात, आणि शेजारच्या सभागृहात बहुधा चहा असतो. उपदेशातील एखादी गोष्ट कळली नसेल तर ती तेथेच विचारावी.