वहीत भावना लिहू नका, बघितलेलं लिहा

कविता सुचत नाही म्हणणाऱ्या नव्या पोरापोरींसाठी लिहितोय. मी दोन वर्षं ह्यातच अडकलेलो आणि अजून पूर्ण सुटलोय असं नाही.

वही ठेवा असं सगळेच सांगतात, मीपण ठेवली. कोल्हापूरच्या रंकाळा तळ्यावर चक्कर मारून आलो की रात्री लिहायचो, "एकटेपणा", "मावळतीची हुरहुर", "शहर बदललं". वही भरली, पण कवितेला बसलो की त्यातली एक ओळ कामाला येईना. हुरहुर कशानं लागली तेच लिहिलेलं नव्हतं, मग सहा महिन्यांनी तिचं करायचं काय? मग चांदणं, प्राजक्त, आसवं असला तयार माल भरून मोकळा व्हायचो.

हे कळलं मामाच्या गावच्या गुऱ्हाळावर. जळव्या, म्हणजे जाळ घालणारा गडी, कढईखालच्या चुलवाणात चिपाडं सारत होता, भुवया करपलेल्या, आणि थोड्या थोड्या वेळानं गूळ करणाऱ्या गुळव्याच्या तोंडाकडं बघायचा, जाळ वाढवू का कमी करू ते. बोलणं नाहीच. मी एवढंच लिहून आणलं. चार महिन्यांनी त्यातनं वडिलांवरची कविता आली, कारण तेपण असंच आधी आईच्या तोंडाकडं बघून मग बोलायचे. गुऱ्हाळावर उभा होतो तेव्हा वडील डोक्यातपण नव्हते.

आता छंदाचं. मुक्तछंद सोपा म्हणून तिथनं सुरुवात करू नका, हे माझं ठाम मत. आधी अष्टाक्षरी लिहा, ओळीला आठ अक्षरं, जोडाक्षर एकच धरायचं. मग भुजंगप्रयात, म्हणजे मनाच्या श्लोकांची चाल, लगागा चार वेळा (ल म्हणजे लघु, आखूड अक्षर; गा म्हणजे गुरू, लांब अक्षर). बारा अक्षरं मोजून भागत नाही, लघु-गुरू जागेवर पडायला लागतात. कवी माधव ज्युलियन आपल्या राजाराम कॉलेजात शिकवायचे, त्यांचं छंदांवरचं पुस्तक 'छंदोरचना' जड आहे पण घाबरू नका, थोडं थोडं वाचा.

पैसे भरून प्रातिनिधिक संग्रहात कविता छापू नका. मी भरले, पुस्तक आलं, आतली कविता कुणी वाचली नाही. ग्रुपवरच्या "वा वा"नंपण काही शिकायला मिळत नाही. मला उपयोग झाला तो एका रिटायर्ड सरांचा, ते फक्त विशेषणं खोडायचे आणि वही परत द्यायचे. लई लागायचं मनाला. पण तुमचंही जमेल, वेळ लागतो एवढंच.

आज संध्याकाळी गंगावेशीत दूधकट्ट्यावर जावा, तिथं समोरच म्हशीची धार काढून दूध देतात. धारेचा आवाज, ग्लासातला फेस, म्हशीच्या पाठीवरचा हात, पाच ओळी लिहून आणा. "छान वाटलं" तेवढं लिहू नका.