बैठं काम असेल तर शरीर हलतं ठेवायचं, ते असं

सकाळी तासभर चालून आलं की उरलेला दिवस खुर्चीत घालवला तरी चालतं, हा समज आधी सोडा. व्यायाम हवाच, पण सलग बसणं मोडणं हे वेगळं काम आहे आणि तेही रोजचंच. बसल्यावर मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे मोठे स्नायू जवळजवळ काहीच करत नाहीत. हेच स्नायू आकुंचन पावताना रक्तातली साखर ओढून घेतात. ते स्वस्थ पडले की जेवणानंतर चढलेली साखर उतरायला वेळ लागतो. पायांतलं रक्त वर ढकलायचं कामही पोटऱ्यांचंच. म्हणून दिवसभर बसल्यावर संध्याकाळी घोटे जड होतात, मोज्यांचे वळ उठतात.

दर अर्ध्या तासाने उठून दोन ते पाच मिनिटं चाला. जेवणानंतरची फेरी तर चुकवूच नका. गजरावर मात्र विसंबू नका. तो नेमका काम रंगात आलेलं असताना वाजतो, आणि चार दिवसांत न बघता बंद करायची सवय लागते. त्यापेक्षा उठणं एखाद्या ठरलेल्या गोष्टीला जोडून टाका. फोन आला की उभं राहायचं. पाण्याला मोठी बाटली न घेता पेला ठेवायचा, म्हणजे भरायला जावंच लागतं. चार्जर दुसऱ्या खोलीत ठेवायचा.

जागच्या जागी करायचा सगळ्यात उपयोगी व्यायाम म्हणजे खुर्चीवरची ऊठबस. चाकांची खुर्ची नको, ती मागे सरकते आणि माणूस पडतो. चार पायांची खुर्ची भिंतीला टेकवा, पुढच्या कडेला बसा. पावलांत खांद्यांइतकं अंतर ठेवा, टाचा गुडघ्यांच्या जरा मागे घ्या. हात छातीवर दुमडा, कमरेतून पुढे झुका आणि टाचांवर जोर देऊन उठा. बसताना मनात तीन आकडे मोजत सावकाश खाली या. धपकन बसलात तर निम्मा व्यायाम वाया जातो, कारण उतरताना शरीराचं वजन तोलण्यातच मांडीचा कस लागतो. गुडघे आत वळत असतील तर ते पावलांच्या रेषेत ठेवा. हात न टेकता उठता येत नसेल तर बसायच्या जागी घट्ट उशी ठेवून उंची वाढवा. दहा वेळा, दिवसातून तीनदा एवढं पुरे. फोनवर बोलताना टाचा उचलून खाली टेकवणं 15-20 वेळा सहज होतं.

उभं राहून काम करायचं टेबल घेतलं म्हणजे प्रश्न सुटला असं नाही. एका जागी तासन्‌तास उभं राहिलं तर कंबर आणि तळपाय दुखतात. 20-30 मिनिटांनी बसणं-उभं राहणं बदलत राहा. दोन्ही वेळा स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीला आणि कोपर साधारण काटकोनात असू द्या. लॅपटॉपवर हे दोन्ही एकदम जमत नाही, त्याला वेगळा कीबोर्ड लागतोच.

आठवड्याचा हिशेब जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली सांगितलाय: प्रौढांसाठी 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम, शिवाय निदान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा. मध्यम म्हणजे बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही इतका दम. सलग दहा मिनिटं झाली तरच मोजायची ही जुनी अटही तेव्हाच गेली, त्यामुळे जिन्याची दोन मिनिटंही धरा. दहा हजार पावलांच्या आकड्याची धास्ती नको. तो 1965च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून पसरला. फोनमध्ये स्वतःची आठवड्याची सरासरी बघा, तीत हजार पावलं वाढवा, दोन आठवडे तेवढंच टिकवा आणि मग पुढे जा. फोन टेबलावरच राहत असेल तर आकडा कमी दिसणार, हे लक्षात असू द्या.

चालताना छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर लगेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली तर ती चोळू नका. शिरेत गुठळी झालेली असू शकते, त्याच दिवशी दवाखाना गाठा.