सिंगापूर–बँकॉक विमानप्रवास: वेळेच्या हिशोबात या चुका टाळा

सिंगापूर ते बँकॉक हवाई अंतर सुमारे 1,400 किलोमीटर आणि प्रवास सव्वादोन ते अडीच तासांचा. नेटवर हे आकडे लगेच मिळतात. बरेच जण त्यावरूनच पुढचं सगळं ठरवतात आणि तिथेच घोळ होतो.

सगळ्यात महागात पडते ती घड्याळाची चूक. सिंगापूर बँकॉकच्या एक तास पुढे आहे. जाताना हा तास आपल्या पदरात पडतो, त्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही. दणका बसतो परतताना. समजा, बँकॉकहून संध्याकाळी 6 चं विमान आहे आणि प्रवास 2 तास 25 मिनिटांचा. आपण 8:25 धरतो, प्रत्यक्षात सिंगापूरच्या चांगी विमानतळावर उतरतो तेव्हा तिथे 9:25 झालेले असतात. मुंबईचं विमान 10:30 ला असेल तर दोन तासांऐवजी जेमतेम एक तास उरतो. म्हणून वेळ स्वतः मोजूच नका. तिकिटावर छापलेली पोचण्याची वेळ त्या-त्या शहराचीच असते, तीच धरा. त्यात पुन्हा एक तास मिळवू किंवा वजा करू नका.

बँकॉक–सिंगापूर आणि सिंगापूर–मुंबई ही दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर आणखी पंचाईत. चेक-इन केलेली बॅग पुढे जात नसेल, तर ती घ्यायला सिंगापूरच्या इमिग्रेशनमधून बाहेर यावं लागतं आणि भारतीय पासपोर्टवर त्यासाठी व्हिसा लागतो. शक्यतो एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर, दोन्ही तिकिटं काढा. आधीच चूक झाली असेल तर फक्त केबिन बॅग न्या, पुढच्या विमानाचं वेब चेक-इन करून ठेवा आणि असं चालेल का, हे दोन्ही विमान कंपन्यांना विचारून घ्या. नाहीतर सरळ बँकॉकहून आधीचं विमान घ्या. तारीख बदलायचे पैसे गेले तरी ते सहसा नव्या तिकिटापेक्षा परवडतात.

बँकॉकला विमानतळ दोन आहेत: सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग. स्वस्त विमानं बरीचशी डॉन मुआंगची. सुवर्णभूमीला उतरून डॉन मुआंगहून फुकेतचं विमान पकडायचं असेल, तर बँकॉकच्या ट्रॅफिकमध्ये मधल्या रस्त्यालाच दीड-दोन तास जाऊ शकतात. तिकिटावर बीकेके (सुवर्णभूमी) आहे की डीएमके (डॉन मुआंग), एवढं नीट वाचा. चांगीवरही टर्मिनल 4 ला स्कायट्रेन (टर्मिनलांना जोडणारी छोटी ट्रेन) जात नाही, बसनं जावं लागतं.

आणि हो, मॅपवरचं रस्त्याचं अंतर हवाई अंतर समजू नका. रस्त्यानं ते 1,800 किलोमीटरच्या आसपास भरतं.

दोन्ही देशांचा ऑनलाइन अरायव्हल फॉर्म पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरून टाका, म्हणजे इमिग्रेशनच्या रांगेत वेळ जाणार नाही. दोन्ही फॉर्म मोफत आहेत. पैसे मागणारी साइट उघडली असेल तर ती सरकारी नाही, लगेच बंद करा.