लोड ट्रेलरचा वेग आणि गिअर कसा जुळवायचा

हिंगणघाटच्या गठाणी भरा, गडचांदूरचं सिमेंट भरा नाहीतर वणीचा कोळसा, नवा ड्रायव्हर अडतो एकाच ठिकाणी. कोणत्या वेगाला कोणता गिअर, हे त्याला आकड्यात ठाऊक नसतं. कान तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून मी पोट्ट्यांकडून आधी तक्ता करून घेतो.

पंढरकवड्याकडच्या चारपदरीवर सपाट पट्टा धरायचा. प्रत्येक गिअरमध्ये आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा, काटा १५०० वर असताना वेग किती, ते क्लीनरनं लिहायचं, चालवणाऱ्यानं नाही. गिअर तोच असला की काटा आणि वेग एकाच प्रमाणात हलतात. १५०० ला ६० असेल तर १२०० ला ४८. बाकीचे आकडे घरी बसून निघतात.

आता तक्त्यातल्या शेजारच्या दोन गिअरच्या ओळी बघा. समजा ४० च्या वेगाला वरच्या गिअरमध्ये काटा १४०० आणि खालच्यात १८५० येतो. मग खालचा गिअर टाकताना ४५० रेस वाढवायची, वरचा टाकताना काटा तेवढा पडू द्यायचा.

जुन्या गिअरपेटीला डबल क्लच, म्हणजे एका गिअरसाठी दोनदा क्लच, लागतोच. आधी ब्रेकनं वेग उतरवा. मग क्लच, न्यूट्रल, क्लच सोडा, रेस, पुन्हा क्लच, गिअर. काटा जुळला असेल तर दांडा दोन बोटांनी आत जातो. तळहातानं रेटावा लागला तर समजायचं, रेस कमी पडली.

"आता सिंक्रो आहे, कायले पाहिजे रेस?" असं पोट्टे विचारतात. सिंक्रो, म्हणजे पेटीतल्या गिअरचा वेग जुळवणारी कडी, गिअर आत घेते, इंजिनाचा वेग जुळवत नाही. क्लच सोडला की तो फरक सगळा क्लच प्लेटवर येतो. ओल्या रस्त्यावर गाडी रिकामी असली तर त्या हिसक्यानं घोड्याची (ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीची) मागची चाकंही घसरतात. म्हणून सिंक्रोवाल्या गाडीत क्लच दाबलेला असतानाच थोडी रेस द्यावी.

घाटात तक्ता थोडा खोटा पडतो. तळेगावचा सत्याग्रही घाट चढताना न्यूट्रलच्या त्या क्षणात लोड गाडीचा वेग पडतो, म्हणून खालचा गिअर टाकताना रेस कमी पुरते. उतारावर उलट: गाडी धावते, काटा आणखी वर न्यावा लागतो, आणि हुकलं तर गाडी न्यूट्रलमध्ये सुटते. तिथे प्रयोग नकोत. गिअर माथ्यावरच धरायचा, सोबत एक्झॉस्ट ब्रेक (धूर अडवून इंजिनानं गाडी रोखणारा), आणि खाली उतरेपर्यंत दांड्याला हात नाही.

लो-हाय रेंजच्या पेटीत, म्हणजे खालच्या आणि वरच्या वेगाचे गिअरचे दोन संच असतात तिच्यात, वेग उतरल्याशिवाय लो रेंज घेऊ नका. इंजिन क्षमतेबाहेर फिरतं.

जिनिंगच्या आवारातून पावसाळ्यात काळ्या मातीवरून लोड काढायचा असेल, तर जो गिअर शेवटपर्यंत चालेल तोच सुरुवातीला टाका. मधे क्लच दाबला की गाडी जागीच रुतते, मग ट्रॅक्टर शोधत बसा.