वैर धरणाऱ्यांशी बोलणी : वस्तीने केव्हा जावे, कसे जावे

ग्रामपंचायतीची निवडणूक आटोपली की विदर्भातील अनेक गावांत एकच प्रश्न बौद्ध-दलित वस्तीपुढे उभा राहतो. ज्या गटाने प्रचारात आपल्याविरुद्ध उघड द्वेष पेरला, पंचशील ध्वजाच्या कट्ट्याला आडकाठी केली किंवा ई-क्लास म्हणजे सरकारी गायरान जमिनीवरील आपल्या जुन्या वहिवाटीमागे मोजणीचा ससेमिरा लावला, तोच गट आता सत्तेत असतो. घरकुलाची यादी, नळयोजना, दहनभूमीचा रस्ता, या सगळ्यांवरच्या सह्या त्याच्या हातात असतात. वडीलधारी माणसे म्हणतात की गावात राहायचे तर बोलावेच लागेल. तरुण म्हणतात की ज्यांनी आपल्याला माणूस मानले नाही त्यांच्या दारात कशाला जायचे. दोघांच्याही बोलण्यामागे सोसलेले अनुभव आहेत, म्हणून दोघांचेही ऐकून घ्यावे.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. ज्याच्यावर अन्याय झाला त्यानेच पुढे होऊन समेट करावा, असे बंधन त्याच्यावर कोणीही घालू शकत नाही. मात्र ठरावीक मागणी, हातात कायद्याचा आधार आणि सोबत माणसे, या तिन्ही गोष्टी असतील तर वैर धरणाऱ्याशीही अवश्य बोलावे. यांपैकी एक जरी नसेल तर थांबावे आणि आधी ती मिळवावी.

जेथे बोलणी करूच नयेत

मारहाण, विनयभंग, जिवे मारण्याची धमकी, घर जाळणे किंवा बहिष्कार यांपैकी काही घडले असेल, तर पहिली पायरी पोलीस ठाण्याची. भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. शेतातून रस्ता नेण्याचा वाद त्यामागे होता आणि मारहाणीच्या एका प्रकरणात दिलेली साक्षही होती. गावात एकटे पडलेले कुटुंब आणि धुमसत ठेवलेला जमिनीचा वाद ही जोडी किती भयंकर ठरू शकते, हे विदर्भातल्या कोणत्याही कार्यकर्त्याने विसरू नये. एकट्या कुटुंबाला 'जा, तूच बोलून मिटव' असा सल्ला देणे म्हणजे त्याला विस्तवात ढकलणे होय.

अशा वेळी गावातून दडपण येते ते बहुधा गोड शब्दांत. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम २००७ साली सुरू झाली, आणि धुऱ्याचे, वाटणीचे कितीतरी किरकोळ वाद तिने गावातच मिटवले, हे मान्य करायला हवे. परंतु अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ याखालील गुन्हा हा समितीने चहा पाजून मिटवण्याचा तंटा नव्हे. त्याचा तपास पोलीस उपअधीक्षकापेक्षा कमी दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा नसतो. आपले कर्तव्य जाणूनबुजून टाळणाऱ्या लोकसेवकालाही त्याच कायद्याच्या कलम ४ मध्ये शिक्षा सांगितली आहे. सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार, म्हणजे मजुरीला न बोलावणे, किराणा न देणे, पीठगिरणी बंद करणे, हा २०१५ च्या दुरुस्तीपासून या कायद्यात स्पष्ट गुन्हा आहे. महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा हा मुख्यतः जातपंचायतीने आपल्याच समाजातील माणसावर घातलेल्या बहिष्कारासाठी आहे. अर्ज लिहिताना या दोहोंची गल्लत होऊ देऊ नये.

येथे एक बाब अनेकांच्या ध्यानात नसते. अत्याचार प्रतिबंधक कायदा अनुसूचित जाती आणि जमातींनाच लागू होतो. बौद्धांना १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला असला तरी जातीचा दाखला घरात नसेल तर ऐनवेळी धावपळ होते, म्हणून तो आधीच काढून ठेवावा. गोंड, कोलाम, फासेपारधी या जमातींना कायद्याचे कवच आहे. बंजारा समाज मात्र महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोडतो, त्यामुळे तांड्यावरच्या कुटुंबाला इतर फौजदारी कलमांचाच आधार घ्यावा लागतो. बोलणी करायला निघण्यापूर्वी आपल्या पाठीशी नेमका कोणता कायदा आहे, हे प्रत्येक वस्तीला ठाऊक असले पाहिजे.

आधी वस्तीत ठरवावे

जाण्याचा निर्णय चार पुढाऱ्यांनी पारावर घेऊ नये. विहारात किंवा समाजमंदिरात बैठक बोलवावी, आणि ती रात्री जेवणे झाल्यावर असावी, म्हणजे मजुरीहून परतलेल्या बायांना येता येईल. त्यांचे येणे शोभेसाठी नाही. बोलणी फिसकटली तर पहिला फटका त्यांनाच बसतो, कारण निंदणाला आणि कापूस वेचणीला त्याच लोकांच्या शेतात त्याच जातात. कोणाच्या शेतात कोण किती दिवस कामाला जाते, कोणाची उचल कोणाकडे बाकी आहे, कोणाचा मुलगा कोणाकडे सालाने गडी राहिला आहे, हे सारे बायांना तोंडपाठ असते. ही माहिती आधी मांडली, की वस्तीचे कोठे अडू शकते आणि समोरच्याचे कोठे, हे दोन्ही दिसू लागते.

वेळेचाही विचार व्हावा. वेचणीच्या दिवसांत शेतकऱ्याला हात हवे असतात; पुढे उन्हाळ्यात शेतात काम नसते आणि मजुराची बाजू लंगडी पडते. मोठ्या मागणीची बोलणी शक्यतो दिवाळीच्या आगेमागे सुरू करावी, आणि उन्हाळ्यासाठी रोजगार हमीच्या कामाची लेखी मागणी आधीच नोंदवून ठेवावी.

बैठकीत कोणी स्पष्टपणे म्हणाले की 'मी त्या माणसासमोर बसणार नाही', तर त्याचा मान राखावा. ज्या घरातील मुलीला त्या गटाच्या पोरांनी त्रास दिला, त्या घराने समेटाच्या शिष्टमंडळात यावे अशी अपेक्षा करणे क्रूरपणाचे आहे. त्या घराने न येण्याला दुबळेपणा किंवा आडमुठेपणा म्हणू देऊ नये, आणि त्याच्या तक्रारीचा बोलण्यांत सौदा तर मुळीच करू नये.

कोणाशी बोलावे

विरोधी गट बाहेरून एकसंध दिसतो, पण आत तसा नसतो. ज्याचे राजकारणच द्वेषावर चालते त्या म्होरक्याचे मन वळवण्यात शक्ती घालवू नये. तुम्ही जितके नमाल तितका तो आपल्या माणसांना 'बघा, आले की नाही' असे दाखवील. त्याच्या मागे बसलेला, प्रचारात गप्प राहिलेला सदस्य शोधावा. पांदण रस्ता चिखलात गेल्यामुळे ज्याची सोयाबीनची बंडी अडते, रानडुकरांनी ज्याचे तुरीचे शेत लोळवले, विम्याचे पैसे ज्याला मिळाले नाहीत, त्याचे आणि वस्तीचे दुखणे काही अंशी एकच आहे. ही आशा इतिहासाला धरून आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली खोती, म्हणजे कोकणातील जमीनदारी, नष्ट करण्याचे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडले, आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील कुळांचा जो मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला त्यात महार आणि कुणबी कुळे बरोबरीने होती. गावात एकमेकांच्या ताटाला न शिवणारी माणसे जमिनीच्या प्रश्नावर एका रांगेत आली. तेवढ्याने जात गेली नाही, पण लढ्याला बळ आले.

एक अट मात्र कधीही मान्य करू नये. महाडच्या सत्याग्रहाच्या वेळी ब्राह्मणेतर चळवळीतील केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांनी पाठिंबा देऊ केला होता, पण त्यात ब्राह्मणांना घेऊ नये अशी अट होती. आंबेडकरांनी ती नाकारली. आजच्या गावात हीच अट दुसऱ्या रूपात येते : 'तुमच्या रस्त्याचे काम करून देतो, पण पारधी बेड्याच्या (वस्तीच्या) बाजूने ग्रामसभेत उभे राहू नका.' वस्तीला रस्ता मिळतो आणि बेडा उघडा पडतो. पुढच्या वर्षी वस्तीवर वेळ आली की तिच्या बाजूने उभे राहायला गावात कोणी उरलेले नसते.

बसायचे कोठे, बोलायचे काय

पाटलांच्या वाड्यावर जाऊ नये. ग्रामपंचायत कार्यालय किंवा शाळेची खोली मागावी. हा हट्ट नाही, याला कारण आहे. वाड्याच्या ओसरीवर खुर्च्या तीन असतात आणि त्या आधीच भरलेल्या असतात. आपल्यासाठी सतरंजी अंथरलेली असते. चहा येतो तेव्हा त्यांच्या हातात कपबशी आणि आपल्या हातात कागदी पेला असतो. तोंडातून एक शब्द निघण्यापूर्वी बैठकीचा निकाल लागलेला असतो. कार्यालयात सर्वांना सारखी खुर्ची मिळते, ग्रामसेवक हजर असतो आणि भिंतीवर संविधानाची उद्देशिका किंवा बाबासाहेबांची तसबीर असते. चहा आलाच आणि त्यात भेद दिसला, तर तो न घेता शांतपणे 'आधी काम बोलू' एवढेच म्हणावे.

चार-पाच जणांनी जावे, त्यांत किमान दोन बाया असाव्यात. एकाने बोलावे, एकाने लिहावे, इतरांनी ऐकावे. मागणी एकच न्यावी आणि ती कागदावर असावी. निवेदनाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय उठू नये. सुरुवात साधी असावी, जशी एखाद्या मावशीच्या तोंडून येईल : 'भाऊ, निवडणुकीत कोन काय बोललं थे आज काढाले आलो नाही. रस्ता नकाशात हाये, पैसाबी आला हाये. काम कधी लावता, तेवढं सांगा.' यात अपमान विसरल्याची कबुली नाही आणि विनवणीही नाही.

मागणीला आकड्यांचे टेकू द्यावेत. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातून मागासवर्गीयांसाठी १५ टक्के खर्च करावयाचा असतो. मागील वर्षीचा त्याचा हिशेब आधी लेखी मागून घ्यावा. बोलण्यात मान्य झालेली गोष्ट ग्रामसभेत ठराव म्हणून यायला हवी. वर्षातून चार ग्रामसभा होतात, आणि गणपूर्तीसाठी १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते. वस्तीने ठरवून हजेरी लावली तर ही संख्या गाठणे अनेक गावांत वस्तीच्याच हातात असते, आणि समोरचा गटही हे ओळखून असतो.

मुदत

तारीख न देता केलेली बोलणी वर्षानुवर्षे चालतात. नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीला वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली भरली. अंबादेवी मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह तेव्हा विश्वस्तांशी बोलण्याची संधी राहावी म्हणून मुदत देऊन पुढे ढकलण्यात आला. येथे वस्तीने शिकण्यासारखे हे आहे की समोरच्याला वेळ द्यावा, पण तो मोजून द्यावा, आणि मुदत संपल्यावर काय करणार तेही त्याच बैठकीत सांगावे.

बोलणी सुरू असताना अर्ज, दावा, तक्रार यांपैकी काहीही मागे घेऊ नये. महाडच्या तळ्याचा दिवाणी दावा उच्च न्यायालयात १९३७ साली निकाली निघाला, सत्याग्रहानंतर तब्बल दहा वर्षांनी. तो लढणे मधेच सोडले असते तर पाण्याचा हक्क कागदावर आलाच नसता. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाने तर हे आमच्या डोळ्यांसमोर केले आहे. सामूहिक वनहक्क २००९ मध्ये मिळाला, तरी बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी वनविभाग अडून बसला होता. गावाने सर्वसहमतीने निर्णय घेतले, अधिकाऱ्यांशी सौजन्याने बोलणे चालू ठेवले आणि हक्काची एक ओळही सोडली नाही. अखेर एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. मला हे उदाहरण फार मोलाचे वाटते, कारण त्या गावाने सौजन्य राखताना माघार घेतली नाही आणि ठाम राहताना सौजन्यही सोडले नाही.

परत आल्यावर

काम होण्यापूर्वी शाल-श्रीफळ, हार आणि फोटो घेऊ नयेत. तो फोटो त्याच रात्री गावभर मोबाइलवर फिरतो, 'वस्ती आमच्यासोबत' अशी ओळ त्याखाली येते, आणि ज्या घरांनी जायला नकार दिला होता त्यांना आपल्याच लोकांनी विकल्यासारखे वाटते. म्हणून बैठकीत काय ठरले याचे चार ओळींचे टिपण त्याच दिवशी लिहावे, सर्वांच्या सह्या घ्याव्यात आणि विहारात मोठ्याने वाचून दाखवावे. जे मिळाले नाही तेही त्यात लिहावे.

त्यानंतरच्या आठवड्यात बचत गटाच्या बैठकीत प्रत्येकीला विचारावे की कोणाला मजुरीवरून परत पाठवले का, दुकानात उधारी अचानक बंद झाली का, शाळेत पोराला कोणी टोमणा मारला का. असे एक जरी घडले असेल तर दिवस, वेळ, ठिकाण आणि साक्षीदार लिहून ठाण्यात तक्रार द्यावी. ठाण्याने घेतली नाही तर ती जिल्हा पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवावी, आणि तिची एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता व नियंत्रण समितीकडे द्यावी, जिची बैठक नियमानुसार तीन महिन्यांतून एकदा तरी व्हावयाची असते. अत्याचारविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइनचा १४५६६ हा क्रमांक विहाराच्या भिंतीवर ठळक रंगवून ठेवावा. पुढची बोलणी या तक्रारीची पोच हातात आल्यावरच करावी.