पोरगी बॅले सिरियसली करायचं म्हणतेय? आधी फरशी बघा, मग तिचे पाय

आमची लेक सात वर्षं बॅले शिकतेय, राहायला आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला, आणि या मे महिन्यात तीन ओळखीच्या आयांनी मला एकच विचारलं की आमची पण म्हणते मला हेच करायचंय, आता काय करू. दर वेळी फोनवर तासभर बोलण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. मी डान्सर नाही, वागळे इस्टेटला नोकरी करतो, क्लासबाहेरच्या बाकड्यावर बसून जे कळलं तेवढंच सांगतोय.

आधी फरशी. टीचर कोण, फी किती ते नंतर. आपल्याकडे बरेच क्लास सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये नाहीतर दुकानाच्या गाळ्यात चालतात, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स आणि त्याखाली काँक्रीट, त्यावर पोरं तास तास उड्या मारणार तर तो दणका जाणार कुठे, नडगीत आणि पावलाच्या हाडांतच ना. बॅलेला स्प्रंग फ्लोअर लागतो, म्हणजे खाली लाकडाचा सांगाडा किंवा फोम असलेली, जराशी दबणारी जमीन, आणि वर व्हिनाइल. चौकशीला जाल तेव्हा चपला काढून स्वतः चार उड्या मारून बघा, लाजू नका, टाचेला लगेच समजतं. टाइल्सवर नुसतं व्हिनाइल अंथरलेलं असेल तर ते पाय घसरू नये म्हणून, दणका त्याने कमी होत नाही.

मग पॉइंट शूज, म्हणजे पायाच्या बोटांच्या टोकावर उभं राहायचे कडक टोकाचे शूज. सगळ्या पोरींचा जीव त्यातच अडकलेला असतो. साधारण 11-12 वर्षांच्या आधी नाही आणि त्याआधी काही वर्षांचं नीट ट्रेनिंग हवं, कारण हाडं अजून वाढत असतात आणि घोट्यात, पोटात ताकद नसेल तर सगळा भार बोटांवर येतो. नऊ वर्षांच्या पोरीला कोणी पॉइंटवर चढवत असेल तर सरळ क्लास बदला, फोटो कितीही भारी येऊ देत.

आमची पहिली जोडी सात हजारांना पडली आणि ती मी माझ्या हाताने वाया घालवली. या शूजचं टोक म्हणजे कापड आणि कागदाचे थर खळीने चिकटवून वाळवलेले असतात, घाम आणि ओल लागली की ते मऊ पडतं. जुलै महिना, धो धो पाऊस, क्लासहून आल्यावर मी शूज भिजू नयेत म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवले (काय हुशारी!), दोन दिवसांनी उघडले तर कुबट वास आणि टोक दाबलं की भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं आत जातंय. तेव्हा क्लास संपला की आतलं पॅड काढायचं, शूज जाळीच्या पिशवीत घालून पंख्याखाली टांगायचे, आणि जमलं तर दोन जोड्या आलटून पालटून वापरायच्या. मोठ्या कंपनीतल्या बॅलेरिनाची एक जोडी कधीकधी एका शोमध्ये संपते, पण तिथे कंपनी देते, इथे बाप देतो. रिबिन आणि इलॅस्टिकपण आपणच शिवायचं असतं, साधा दोरा तुटतो, डेंटल फ्लॉस वापरा.

आता पुढे काय होणार ते आत्ताच समजून घ्या, नंतर घरात भांडणं नकोत. रॉयल अकॅडमी ऑफ डान्स ही लंडनची संस्था, 1920 ची, तिच्या परीक्षा आपल्याकडे बरेच क्लास घेतात. त्यातल्या ग्रेड 1 ते 8 कुणीही हौसेने द्याव्यात, ज्यांना खरंच पुढे जायचंय त्यांच्यासाठी इंटरमीडिएट, अ‍ॅडव्हान्स्ड वगैरे व्होकेशनल परीक्षा वेगळ्या असतात. तुमच्या क्लासमध्ये त्या होतात का हे विचारा, टीचर गडबडली तर काय ते समजा. डान्सरला वर्षभर पगार देऊन ठेवणाऱ्या पॅरिस-लंडनसारख्या बॅले कंपन्या इथे नाहीत, म्हणजे बाहेर जाणं आलं, आणि तेही कधी तर ऐन दहावी-बारावीत. स्वित्झर्लंडची प्री द लोझान ही स्पर्धा 1973 पासून चालू आहे, ती 15 ते 18 वर्षांच्या मुलांसाठीच असते, यावरून अंदाज घ्या. आणि दुसऱ्या टोकाला पॅरिस ऑपेराचे डान्सर 42 व्या वर्षी रिटायर होतात. आपल्याकडे 42 व्या वर्षी लोकांचं होमलोन अर्ध्यावर असतं.

लोक मला अमीरुद्दीन शाह आणि मनीष चौहान या बॅले डान्सरांचं उदाहरण देतात, एक वेल्डरचा मुलगा, एक टॅक्सी ड्रायव्हरचा, दोघांनाही मुंबईत येहुदा माओर यांनी शिकवलं, अमीरुद्दीनला 2017 मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलला अ‍ॅडमिशन मिळाली. अभिमान मलाही आहे, पण ती पोरं असल्या गुरूच्या हाताखाली रोज तासन् तास घासत होती, आठवड्यातून दोनदा शाळेनंतर नव्हे. शिवाय बॅलेत मुलगे कमी, मुलींची रांग मोठी.

आता मेन मुद्दा. या नादाची किंमत आधी शरीर देतं, आणि पोरं ते सांगत नाहीत, कारण सांगितलं तर क्लास बंद होईल ही भीती. मागच्या वर्षी आमची तेरा वर्षांची होती, गडकरी रंगायतनला शो, हिला मेन सोलो, मी ऑफिसात आणि नातेवाइकांत मिळून बावीस तिकिटं खपवलेली. शनिवारी लोकलने भायखळ्याला क्लासला जाऊन-येऊन चार तास. एका शनिवारी ठाणे स्टेशनच्या जिन्यावर बघतो तर ही रेलिंग धरून एकेक पायरी उतरतेय, आजीसारखी. काय झालं गं? "काही नाही बाबा, दुखत नाहीये." आणि खरं सांगतो, मला ते ऐकून बरं वाटलं. बावीस तिकिटं होती ना.

घरी आलो तर बायको कालनिर्णयची पानं मागे उलटून बघत उभी. लेकीच्या पाळीच्या तारखेला ती पेनाने गोल करते, तर तीन महिने गोलच नाही. सुरुवातीची एक-दोन वर्षं मागेपुढे होतं म्हणून आम्ही दुर्लक्ष केलेलं. मग हळूहळू बाहेर आलं, क्लासमध्ये सगळ्यांसमोर "काल वडापाव झाला वाटतं" असं कुणीतरी मोठ्या माणसाने म्हटलेलं, तेव्हापासून ही डब्यातल्या पोळ्या मैत्रिणींना वाटत होती. एक्स-रे नॉर्मल आला, एमआरआयमध्ये दिसलं, पावलाच्या दुसऱ्या लांब हाडाला बारीक चीर, स्ट्रेस फ्रॅक्चर. डॉक्टर म्हणाले खाणं कमी, मेहनत जास्त, पाळी बंद, हाडं कच्ची, ही सगळी एकच साखळी आहे. सहा आठवडे पायाला आधाराचा डॉक्टरी बूट. सोलो दुसरीने केला, आम्ही बावीस जण गेलो, ती माझ्या शेजारी बसून टाळ्या वाजवत होती.

आणि हे फक्त आपल्याच गल्लीतल्या क्लासचं नाही हो, व्हिएन्नाच्या स्टेट ऑपेराची बॅले अकॅडमी घ्या, 2019 मध्ये तिथे चौकशी झाली तेव्हा निघालं की वजन वाढू नये म्हणून मुलांना सिगारेट ओढायचा सल्ला दिला जायचा.

तर आता आम्ही काय करतो ते सांगतो. रविवारी संध्याकाळी टबात कोमट पाणी, पाय त्यात, मग मी एका बोटाने हाडं दाबत जातो. पोटऱ्या, मांड्या ठणकतात ते चालतं, फोड, काळं नख हेही चालतं, पण बोट एका ठिकाणी ठेवलं आणि ती कळवळली की उड्या बंद, डॉक्टर. प्लिए, म्हणजे गुडघे वाकवून खाली जाणं, करताना समोर उभे राहा, गुडघे पावलांच्या दिशेनेच जायला हवेत. पावलं बाहेर आणि गुडघे पुढे दिसले तर टर्नआउट, म्हणजे पाय बाहेर वळवणं, खुब्यातून न करता गुडघ्यातून ओढतेय. तीन महिने पाळी नाही तर परीक्षेचं टेन्शन म्हणून सोडून देऊ नका. वजनाचा काटा माळ्यावर टाका.

आणि "दुखतंय का" असं कधी विचारू नका, उत्तर नाहीच येणार. "आज कुठे दुखतंय" विचारा. आधी शब्द द्या की सांगितल्याबद्दल क्लास बंद होणार नाही, आणि तो पाळा, मला पाळायला लागला तेव्हा जड गेलं होतं. पुढच्या वर्षी दहावी आहे, तिने स्वतःच शनिवारचा क्लास चालू ठेवून बुधवारचा सोडलाय, बघू. परवा तिचाच फोन आला, बाबा नडगी दुखतेय, आज उड्या नाही करत, लवकर न्यायला ये. हाफ डे टाकला.

हां, फ्लॉस बिनवासाचा घ्या, पुदिन्याचा नको. आमच्या शूजना महिनाभर टूथपेस्टचा वास येत होता.