बाइकची सीट बदलताना या चुका टाळा

दुकानात सीटवर अंगठा दाबायचा, तो खोल रुतला की “एकदम मऊ आहे” म्हणून पैसे मोजायचे. बाइकची सीट बहुतेकदा अशीच घेतली जाते. मग पुण्याहून साताऱ्याकडे निघालेला माणूस खंबाटकी घाट येईपर्यंत फूटरेस्टवर उभा राहून बूड मोकळं करायला लागतो. पहिली दहा मिनिटं सुखाची वाटलेली सीट दीड तासानंतर छळते, आणि दोष त्या मऊपणाचाच असतो.

बसल्यावर वजन येतं ते बैठकीच्या दोन हाडांवर. मऊ फोम नेमका त्या दोन ठिकाणी पुरता दबतो, हाडाखाली पत्रा किंवा प्लॅस्टिकचा सांगाडा लागतो आणि पुढचा प्रत्येक खड्डा थेट आत पोचतो. चांगली सीट हाताला थोडी घट्टच लागते.

दुखतंय कुठे, हे न बघता सीट बदलणं

बैठकीच्या हाडांखाली दोन ठिकाणी टोचत असेल तर फोम दबून संपलाय, किंवा मुळातच कमी आहे. मांड्यांना आतून काचत असेल तर टाकीजवळचा भाग रुंद आहे, किंवा शिवण चुकीच्या जागी आलीय. जांघेत मुंग्या येत असतील तर तुम्ही घसरून टाकीला चिकटताय, म्हणजे सीटचा उतार पुढे आहे. माकडहाडाला हादरे बसत असतील तर सीटआधी मागचे शॉकअप बघा. आणि हॅंडल लांब पडल्यामुळे कंबर दुखत असेल, तर ती कितीही भारी सीट घेतली तरी दुखणारच.

फुकटातले उपाय आधी. चेनकव्हरवर किंवा स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) हवेचा स्टिकर असतो. त्यात एकट्याचे आणि डबलसीटचे आकडे वेगळे असतात. हवा टायर थंड असताना त्याप्रमाणे भरा. शॉकअपला स्प्रिंगचा ताण बदलायच्या खाचा असतील आणि कधीतरी डबलसीट जाताना वर चढवलेला खाचा तसाच राहिला असेल, तर एकट्याला गाडी दगडासारखी लागते. सी आकाराच्या पान्यानं तो एक-दोन घरं खाली घ्या. दोन शॉकअप असतील तर दोन्हीकडे सारखाच. पुष्कळदा सीटचा खर्च इथेच वाचतो.

फोमला “चांगल्यातला टाका” एवढंच सांगणं

सीटवाल्याला डेन्सिटी विचारा. सोफ्याला किंवा घरच्या गादीला चालणारा २८ ते ३२ डेन्सिटीचा फोम बाइकवर काही महिन्यांत चपटा होतो. तिथे माणसाचं सगळं वजन वीतभर जागेत येतं, वर ऊन आणि हादरे. मुख्य थर निदान ४० ते ५० डेन्सिटीचा घ्या. पण डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे. डेन्सिटी सांगते एका घनमीटर फोमचं वजन किती किलो, म्हणजे माल किती भरलाय ते. एकाच डेन्सिटीचा फोम मऊही मिळतो, कडकही. त्यामुळे आकडा विचारा आणि तुकडा हातात घेऊन दाबूनही बघा.

रंगीबेरंगी चुऱ्याचा, दाबून चिकटवलेला रिबाँड फोम स्वस्त असतो आणि लवकर दबत नाही, म्हणून काही ठिकाणी पूर्ण सीटच त्याची करून देतात. ती लाकडी बाकासारखी लागते. रिबाँडची जागा तळाला: २०-२५ मिलिमीटर, त्यावर मुख्य थर, आणि सगळ्यात वर १० मिलिमीटरचा मऊ थर. हाडांखाली एकूण जाडी ५० मिलिमीटरच्या खाली जाऊ देऊ नका. माणूस ५५ किलोचा असेल तर मुख्य थर थोडा मऊ, ९० किलोचा असेल तर कडक. म्हणून मित्राच्या बाइकवर छान वाटलेली सीट तुम्हाला छान वाटेलच असं नाही.

थर चिकटवायचं सोल्यूशन वाळलं की कडक होतं. वरच्या थराखाली ते जाड फासलं तर पापडासारखा पदर तयार होतो आणि बसल्यावर जाणवतो. पातळ लावायचं, हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं, मगच थर दाबायचे.

रुंदी न मोजणं

फोमपेक्षा आकाराच्या चुका जास्त होतात. खोक्याचा नालीदार पुठ्ठा पायरीवर ठेवा, त्यावर थोडं पुढे झुकून मिनिटभर बसा आणि उठा. पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतील. त्यांच्या मध्यांमधलं अंतर मोजा. ते साधारण १० ते १४ सेंटिमीटर भरतं, बायकांचं बहुधा थोडं जास्त. दोन्ही हाडांच्या बाहेरही चार-पाच सेंटिमीटर सपाट आधार मिळेल एवढी रुंदी सीटला, जिथे तुम्ही प्रत्यक्ष बसता तिथे, हवी.

मग सीटवर आडवी पट्टी ठेवा. मध्ये उंचवटा आणि दोन्ही बाजूंना उतार असेल तर भार हाडांऐवजी मधल्या नाजूक भागावर येतो. उलट, खोलगट वाटीसारखी सीट फोटोत झकास दिसते, पण एकाच जागी जखडून ठेवते. लांबच्या प्रवासात इंचभर पुढेमागे सरकता येणं फार मोलाचं असतं. डबलसीटची पायरी फार पुढे आली की उंच माणसाला हेच होतं: मागून पायरी ढकलते, पुढून टाकी अडवते.

उंचीचा एकच आकडा धरणं

स्प्लेंडर प्लसची सीट ७८५ मिलिमीटर उंच, रॉयल एनफील्डच्या क्लासिक ३५० ची ८०५, हिमालयन ४५० ची ८२५ आणि वरच्या खाचेत बसवली तर ८४५. पण पाय टेकणार की नाही हे नुसत्या उंचीवर ठरत नाही. सीट पुढे रुंद केली की मांड्या फाकतात, आणि उंची तीच राहूनही टाचा उचलल्या जातात. बसायच्या जागी रुंद आणि टाकीकडे निमुळती, असाच आकार मागा. २५ मिलिमीटर फोम वाढवला तर गुडघे कमी दुमडतात, उंच माणसाला बरं वाटतं. बुटक्याला मात्र उतारावर सिग्नलला थांबताना गाडी सावरणं जड जातं.

जेल, मेमरी फोम आणि हवेची गादी

दबून संपलेल्या फोमवर जेल पॅड ठेवलं तर खालचा खड्डा खड्डाच राहतो. शिवाय जेल ऊन धरून ठेवतं. विदर्भातल्या मे महिन्यात दुपारी उभ्या केलेल्या गाडीवर बसून बघा म्हणजे कळेल. जेल घालायचंच तर फोममध्ये तेवढा खाच कापून, वर १० मिलिमीटर फोम देऊन. मेमरी फोम थंडीत कडक आणि उन्हात ढिला पडतो, त्यामुळे तो फक्त वरच्या पातळ थरापुरता.

हवेच्या गादीत जवळपास सगळेच हवा जास्त भरतात आणि मग वळणावर गाडी डुलते असं म्हणतात. आधी भरा, बसा, आणि बूड खालच्या सीटपासून जेमतेम सेंटिमीटरभर वर राहील इथपर्यंत हवा सोडा.

कव्हर आणि पाऊस

रेक्झिन ताणून ढोलकीसारखं बसवलं की आतला फोम कितीही चांगला असो, बसणारा तो ताण सोसतो. फार सैल ठेवलं तर सुरकुत्या पडतात आणि मांडीला काचतात. बसायच्या जागेवरून जाणारी शिवण दिसायला देखणी, पण सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी आत जातं. कोकणात किंवा मावळात गाडी पावसात उभी राहत असेल तर वरून शिवण नकोच. तरीही फोम आणि रेक्झिन यांच्यामध्ये पातळ प्लॅस्टिक घालायला सांगा. तळाची पाणी निघायची भोकं बुजवू देऊ नका.

बसवताना

“सगळ्या मॉडेलला बसते” अशी सीट घेऊ नका. नाव तेच असलं तरी गाडी बदललेली असते. क्लासिक ३५० ची २०२१ ची पिढी नव्या चौकटीवर आली. जुन्या क्लासिकसाठी बनवलेली सीट तिला बसेल असं धरून चालू नका. आधी इंजिनची पिढी आणि वर्ष सांगा, मग किंमत विचारा.

सीटचं पुढचं जिभलं टाकीखालच्या पट्टीत गेलंय का, कुलूप खटकन लागतंय का, हे हलवून बघा. तळाचे रबरी गुटके जुन्या सीटवरून काढून नवीला लावायचे राहतात; मग सगळी थरथर बुडाला येते आणि सीट चौकटीवर घासते. सांगाडा पत्र्याचा असेल तर बॅटरीच्या धन टोकावर रबरी टोपी हवीच. पत्रा टोकाला टेकला की शॉर्टसर्किट.

एकट्याची सुटसुटीत सीट लावताना मागचं हॅंडल आणि फूटरेस्ट काढून टाकणारे बरेच भेटतात. मागे कुणाला बसवणार असाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे पक्की बसवलेली सीट लागते, आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२३ धरायला हॅंडल, फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचं निम्मं तरी झाकणारं संरक्षण, म्हणजे आपला साडीगार्ड, मागतो.

कव्हर शिवल्यावर तपासणं

मूळ सीट कापायला देऊ नका. जुन्या बाजारातून त्याच मॉडेलचा सांगाडा घ्या; पुण्यात नाना पेठेत विचारलंत तर मिळून जातो. फोम तासून झाला की कव्हर शिवायच्या आधी त्यावर प्लॅस्टिक गुंडाळून, चिकटपट्टीनं बांधून निदान तासभर चालवा, तेही वाईट रस्त्यावरून. कुठे टोचतं तिथे खडूनं खूण करा. कच्च्या फोमवर पाच मिलिमीटर घासायला कारागिराला पाच मिनिटं लागतात. रेक्झिन चढल्यावर तेच काम म्हणजे सगळे स्टेपल उपटणं. डबलसीट फिरत असाल तर मागे बसणाऱ्यालाही त्या चकरेला न्या.

नवा फोम पहिल्या महिन्यात थोडा बसतोच. त्यामुळे पैसे देतानाच एकदा उघडून पातळ थर वाढवून द्यायचं बोलून ठेवा. आणि उंची बदलली असेल तर निघण्याआधी आरसे पुन्हा लावून घ्या.